थँक्सगिव्हिंगचा हंगाम आणि गावातले सामुदायिक उपक्रम : अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

अमेरिकेत नोव्हेंबर सुरू झाला की लहानमोठ्या गावांमध्ये अन्नसंकलन, सामुदायिक भोजने, धावण्याच्या शर्यती, सर्वधर्मीय प्रार्थनासभा आणि मिरवणुका यांची रेलचेल असते. तरीही अनेक मराठी कुटुंबे इथे दहा-पंधरा वर्षे राहूनही त्या चार दिवसांच्या सुट्टीत प्रवासाला तरी जातात किंवा खरेदीला तरी, कारण थँक्सगिव्हिंग हा दुसऱ्यांच्या घरातला, टर्कीभोवती चालणारा सण आहे अशी त्यांची समजूत झालेली असते. गुरुवारचे जेवण घरगुती असते हे खरे आहे. परंतु त्या गुरुवारच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचा एक आठवडा हा गावाच्या सार्वजनिक जीवनातला सर्वांत मोकळा काळ असतो, आणि नव्या माणसाला गावात मिसळण्यासाठी याहून चांगली संधी वर्षभरात मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. ही संधी कशी साधावी, मदतीचा हात नेमका कधी पुढे करावा आणि आपल्या मंडळातर्फे किंवा गल्लीतर्फे शेजाऱ्यांसाठी भोजन ठेवायचे असेल तर ते सुरक्षितपणे आणि नीटनेटके कसे पार पाडावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : दिनदर्शिका समोर ठेवणे

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो, म्हणजे तो २२ ते २८ नोव्हेंबर या दरम्यानच असतो. २०२६ साली तो २६ नोव्हेंबरला आहे. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १८६३ साली यादवी युद्ध चालू असताना नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशव्यापी आभारदिन म्हणून जाहीर केला आणि १९४१ साली अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) कायदा करून चौथा गुरुवार कायम केला. कॅनडातला हाच सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, त्यामुळे टोरांटो किंवा व्हँकुव्हरकडच्या वाचकांनी पुढचे सगळे वेळापत्रक साधारण सहा आठवडे अलीकडे आणून वाचावे.

प्रत्यक्ष गुरुवारी ग्रंथालये, शाळा, सरकारी कार्यालये आणि बहुतेक सभागृहे बंद असतात व बसगाड्याही सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात. म्हणून सार्वजनिक कार्यक्रमासाठी त्याच्या आधीचा शनिवार किंवा रविवार सर्वांत सोयीचा असतो. बुधवारी रात्री लोक प्रवासाला निघतात, तेव्हा बुधवारची संध्याकाळ शक्यतो टाळावी. शुक्रवारी बाजारात ब्लॅक फ्रायडेची गर्दी असते, शनिवारी गावातल्या छोट्या दुकानदारांसाठी २०१० पासून स्मॉल बिझनेस सॅटर्डे पाळला जातो आणि पुढच्या मंगळवारी, २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला, देणग्यांचा गिव्हिंग ट्यूसडे येतो.

या दिनदर्शिकेवर आपले सणही मांडून पाहावेत. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे मंडळांचे दिवाळीचे कार्यक्रम त्याच महिन्यात येणार आणि स्वयंसेवक, सभागृह व निधी या तिन्हींवर ताण पडणार. अशा वर्षी थँक्सगिव्हिंगचे भोजन मंडळाच्या कार्यकारिणीवर न टाकता चार-पाच कुटुंबांनी वेगळेपणाने अंगावर घेणे शहाणपणाचे ठरते. शिवाय थँक्सगिव्हिंग नेहमी गुरुवारीच असल्यामुळे काही वर्षी तो मार्गशीर्षातल्या गुरुवारी येतो. २०२५ साली २७ नोव्हेंबरला मार्गशीर्षातला पहिलाच गुरुवार होता आणि महालक्ष्मीचे व्रत करणाऱ्या घरांत त्या दिवशी दिवसभर उपास होता. सोबत बसून जेवायचे आमंत्रण देताना किंवा घेताना हे आधी तपासले तर ऐन वेळी कोणाचीही अडचण होत नाही.

दुसरी पायरी : गावात काय चालले आहे ते शोधणे

नवे काही सुरू करण्याआधी जे चालू आहे त्यात सामील व्हावे. ऑक्टोबरच्या मध्यावर एक संध्याकाळ काढून गावाच्या किंवा टाउनशिपच्या संकेतस्थळावरचे कार्यक्रम, ग्रंथालयातला सूचनाफलक, उद्यान विभागाचे हंगामी माहितीपत्रक, मुलांच्या शाळेतल्या पालक-शिक्षक संघाचे पत्र आणि जवळच्या चर्चच्या दारातली पाटी एवढे पाहिले तरी महिनाभराचे चित्र स्पष्ट होते. अन्नसाहाय्य कुठे मिळते किंवा कुठे मदत हवी आहे हे विचारण्यासाठी अमेरिकेच्या बहुतेक भागांत २११ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक मराठी विद्यार्थ्यालाही सांगून ठेवावा, कारण अडचणीचा काळ कोणावर कधी येईल हे सांगता येत नाही.

धावण्याच्या किंवा चालण्याच्या शर्यतीला सर्वत्र टर्की ट्रॉट म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातली आठ किलोमीटरची टर्की ट्रॉट १८९६ पासून चालू आहे आणि उत्तर अमेरिकेतली अखंड चाललेली सर्वांत जुनी शर्यत म्हणून ती ओळखली जाते. गावोगावच्या शर्यती बहुधा पाच किलोमीटरच्या असतात, सकाळी लवकर सुरू होतात आणि त्यांचे शुल्क एखाद्या स्थानिक संस्थेला जाते. वेगाची काहीही अट नसते, त्यामुळे भारतातून आलेले आजी-आजोबा, बाबागाडीतले मूल आणि धावणारे आई-वडील असे सगळे घर एकत्र जाऊ शकते. नावनोंदणी ऑक्टोबरमध्येच करावी, कारण दिवस जवळ येईल तसे शुल्क वाढत जाते. आजी-आजोबांना मात्र टोपी, हातमोजे आणि घसरणार नाहीत असे बूट यांशिवाय नेऊ नये.

सर्वधर्मीय आभारसभा रविवार ते बुधवार या दरम्यान एखाद्या चर्चमध्ये, सिनेगॉगमध्ये, मशिदीत किंवा देवळात भरते. आयोजकांना हिंदू समाजातून कोणी बोलेल का, गाईल का, याची अनेकदा खरोखर गरज असते. त्यांना ऑक्टोबरमध्येच पत्र पाठवून एखादा अभंग किंवा प्रार्थना चार मिनिटांत सादर करण्याची तयारी दाखवावी आणि तिचा अर्थ दोन-तीन वाक्यांत इंग्रजीत छापून द्यावा. चार मिनिटे ठरली असतील तर चारच मिनिटे घ्यावीत.

मिरवणुका आणि दीपप्रज्वलनाचे समारंभ यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. वेळेआधी पोहोचावे आणि गाडी दूर लावून चालत जावे.

तिसरी पायरी : अन्नदानात हात लावणे, पण योग्य वेळी

सगळ्यांत जास्त चांगुलपणा आणि सगळ्यांत जास्त गैरसमज याच ठिकाणी आढळतात. आधी रचना समजून घ्यावी. फूड बँक म्हणजे मोठे कोठार. तिथे घाऊक प्रमाणात अन्न गोळा होते आणि ते आसपासच्या फूड पँट्रींना, शाळांना व भोजनगृहांना वाटले जाते. फीडिंग अमेरिका या देशव्यापी संस्थेच्या जाळ्यात अशा सुमारे २०० फूड बँका आहेत. फूड पँट्री म्हणजे गावातले छोटे केंद्र, तिथे गरजू कुटुंब येऊन आठवड्याचा शिधा घेऊन जाते. सूप किचनमध्ये शिजवलेले जेवण पानावर वाढले जाते.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सूप किचनमध्ये वाढायला जावे असे बहुतेकांच्या मनात येते आणि त्यामुळे त्या दिवशी स्वयंसेवकांची एवढी गर्दी होते की संस्थांना अनेकांना परत पाठवावे लागते. तेच लोक जानेवारी-फेब्रुवारीच्या कडाक्यात मिळत नाहीत. म्हणून माझा आग्रह असा आहे की गुरुवारचा हट्ट सोडून नोव्हेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांतली वर्गवारीची आणि पाकिटे भरण्याची कामे घ्यावीत, कारण सणाच्या शिध्याच्या पेट्या भरण्याचे खरे ओझे तेव्हाच असते. संकेतस्थळावरून पाळी नोंदवावी, मुलांसाठी किमान वय किती आहे ते पाहावे, पुढून बंद असलेले बूट घालावेत, केस बांधावेत आणि ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे. नाव नोंदवून न येणे हा या क्षेत्रात मोठा अपराध मानला जातो, कारण आलेल्या माणसांच्या हिशेबानेच त्या दिवशीचे काम आखलेले असते.

एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदारांच्या जोडीदारांचा आणि मुलांचा व्हिसा) असलेल्या व्यक्तींना धर्मादाय संस्थेत, जे काम एरवीही स्वयंसेवकच करतात असे काम, पूर्णपणे विनामोबदला करता येते. मात्र त्याबद्दल मानधन, भेटकार्ड किंवा अन्य कोणताही मोबदला स्वीकारू नये आणि काही शंका असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा.

वस्तू द्यायच्या तर काय द्यावे, हे त्या पँट्रीच्या यादीत पाहूनच ठरवावे. सर्वसाधारणपणे डबाबंद कडधान्ये, टूना मासा, पीनट बटर, तांदूळ, ओट्स, कमी मिठाच्या भाज्या आणि ओढून उघडता येणारे डबे उपयोगी पडतात. काचेच्या बरण्या फुटतात आणि मुदत संपलेले डबे फेकण्यासाठी संस्थेच्या माणसांचा वेळ जातो. सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर साबण, टूथपेस्ट आणि बाळांचे डायपर विकत घेता येत नाहीत, त्यामुळे या वस्तूंना कायम मागणी असते आणि त्या फार थोडे लोक देतात. ज्या भागात दक्षिण आशियाई कुटुंबे पँट्रीत येतात तिथे तूरडाळ, मसूर, कणीक आणि हळद यांचाही उपयोग होतो, पण आधी विचारून मगच न्यावे. घरी शिजवलेले अन्न फूड बँका सहसा घेत नाहीत. दिवाळीचा उरलेला फराळ तिकडे नेऊन ठेवू नये.

रोख देणगी ही वस्तूंपेक्षा अधिक कामाची असते, हे ऐकायला रूक्ष वाटले तरी खरे आहे. फूड बँक घाऊक भावाने खरेदी करते, त्यामुळे दुकानातून आपण किरकोळ भावाने घेतलेल्या डब्यांच्या किमतीत ती कितीतरी अधिक अन्न उभे करते. मुलांना देण्याचा अनुभव मिळावा म्हणून एक पिशवी त्यांच्या हातून द्यावी आणि उरलेली रक्कम धनादेशाने किंवा संकेतस्थळावरून पाठवावी. करसवलतीसाठी पावती जपून ठेवावी आणि नोकरी देणारी कंपनी तेवढीच रक्कम स्वतःकडून घालते का, हेही विचारावे.

उपाहारगृहे किंवा केटररकडून उरलेले चांगले अन्न संस्थेला मिळवून देण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनी १९९६ चा बिल इमर्सन गुड समॅरिटन कायदा माहीत करून घ्यावा. सद्भावनेने धर्मादाय संस्थेला अन्न देणाऱ्याला हा कायदा दाव्यांपासून संरक्षण देतो, आणि कायद्याच्या भीतीने नकार देणाऱ्या दुकानदाराचे मन एवढ्या माहितीने पुष्कळदा वळते.

चौथी पायरी : आपले सामुदायिक भोजन

या सगळ्यात भाग घेऊन झाल्यावर, किंवा त्याच्याच जोडीने, स्वतः यजमान होण्याचा विचार करावा. कोणासाठी जेवण ठेवायचे हा प्रश्न आधी सोडवावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते. मंडळातल्याच लोकांसाठी असेल तर ते आणखी एक स्नेहसंमेलन होईल. माझ्या मते आमंत्रणाची यादी बाहेरून आत यावी, म्हणजे ज्यांना त्या आठवड्यात जायला घर नाही त्यांच्यापासून सुरुवात व्हावी. भारतातून नुकतेच शिकायला आलेले विद्यार्थी यांत सर्वांत आधी येतात. अनेक विद्यापीठांमध्ये सुट्टीत भोजनगृहे बंद होतात, काही वसतिगृहेही रिकामी करावी लागतात, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याला ते चार दिवस फार रिकामे जातात. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आपले आमंत्रण कळवले की ते योग्य मुलांपर्यंत पोहोचवतात. त्यानंतर एकटे राहणारे वृद्ध शेजारी, नुकतेच गावात आलेले निर्वासित कुटुंब, सुट्टी न मिळालेल्या परिचारिका, आणि मग आपण सगळे.

जागा सप्टेंबरच्या अखेरीस ठरवावी. ग्रंथालयाची खोली, उद्यान विभागाचे सभागृह, चर्चचा तळमजला किंवा गृहसंकुलाचे क्लबहाउस यांपैकी कुठेही चालते, पण चार गोष्टी लेखी विचाराव्यात: स्वयंपाकघर वापरता येईल का की फक्त गरम करता येईल, उघड्या ज्योतीचे शेगडी-डबे पेटवता येतील का, विम्याचे प्रमाणपत्र लागेल का, आणि सफाईची अनामत किती. व्हीलचेअरसाठी उतार आणि शौचालय यांची पाहणी स्वतः जाऊन करावी. भोजन फक्त निमंत्रितांसाठी असेल तर परवान्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पण गावाला खुले आमंत्रण देऊन घरचे अन्न वाढायचे असेल तर काउंटीच्या आरोग्य विभागाचे नियम लागू होऊ शकतात. ते काउंटीगणिक बदलतात, म्हणून एक फोन करून खात्री करून घ्यावी.

आमंत्रणात सुरुवातीची वेळ, जेवणाची वेळ आणि संपण्याची वेळ या तिन्ही लिहाव्यात. अमेरिकन शेजारी पाच म्हटले की पाचला येतात आणि आपली मंडळी पाच म्हटले की घरून निघतात. या फरकामुळे वेळेवर आलेला पाहुणा तासभर अवघडून बसतो, म्हणून यजमान कुटुंबांनी तरी वेळेआधी हजर राहावे. भेटवस्तू आणू नये, काय आणता येईल, गाडी कुठे लावावी आणि जेवण मुख्यतः शाकाहारी असेल की मिश्र, हेही लिहावे. उत्तर देण्याची अंतिम तारीख दहा दिवस आधीची ठेवावी.

पाचवी पायरी : पदार्थ ठरवणे

टर्की, स्टफिंग (टर्कीत भरायचे किंवा सोबत भाजायचे पावाच्या तुकड्यांचे मिश्रण), कुस्करलेला बटाटा, ग्रेव्ही, क्रॅनबेरी सॉस आणि पंपकिन पाय हा इथला परंपरागत बेत आहे. तो पूर्ण आपणच करण्याची गरज नाही आणि तो वगळून केवळ आपलेच ताट मांडणेही या प्रसंगी मला बरोबर वाटत नाही. पाहुण्याला त्याच्या ओळखीचे दोन-तीन पदार्थ दिसले म्हणजे उरलेले तो आनंदाने चाखून पाहतो. मका, लाल भोपळा, बटाटा, मिरची आणि शेंगदाणा ही सगळी मुळात अमेरिका खंडांतली पिके असल्यामुळे आपल्या स्वयंपाकाला या टेबलावर जागा शोधावी लागत नाही. दह्यातले भोपळ्याचे भरीत, भोपळ्याचे घारगे, मक्याची उसळ, मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि क्रॅनबेरीचे लोणचे असा बेत टर्कीच्या शेजारी उत्तम शोभतो. भोपळा म्हणून बटरनट स्क्वॉश वापरावा, तो आपल्या लाल भोपळ्याच्या चवीच्या जवळ जातो. ताजी क्रॅनबेरी याच हंगामात स्वस्त मिळते. ती इतकी आंबट असते की मोहरी, मेथी, तिखट आणि गूळ घालून केलेल्या झटपट लोणच्यात तिला कैरीची आठवण न येऊ देण्याची ताकद आहे.

शाकाहाराबाबत काटेकोर राहावे. स्टफिंगमध्ये आणि कधी कधी कुस्करलेल्या बटाट्यातही कोंबडीचा रस्सा असतो, रताळ्यावर घातलेल्या मार्शमेलोत जिलेटिन असते आणि पायच्या कवचात प्राण्यांची चरबी असू शकते. पॉटलकमध्ये (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात) दुसऱ्याने आणलेल्या पदार्थाला शाकाहारी म्हणण्याआधी घटक विचारून घ्यावेत, आणि शाकाहारी टेबल पूर्ण वेगळे ठेवून त्यावरचे डाव-पळ्याही वेगळ्या ठेवाव्यात. मुस्लिम पाहुणे येणार असतील तर हलाल टर्की आगाऊ सांगून मागवावी. जैन पाहुण्यांसाठी कांदा, लसूण आणि कंदमुळे यांशिवायचे दोन पदार्थ असावेत.

ॲलर्जीचा मुद्दा मराठी स्वयंपाकासाठी विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेत दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, काजू-बदामासारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ हे नऊ मुख्य ॲलर्जीकारक घटक मानले जातात. तिळाचा समावेश १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. आपण कोशिंबिरीत, भाजीत, उसळीत सहजपणे दाण्याचे कूट टाकतो आणि चटणीत तीळ घालतो. ज्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे त्याच्यासाठी तो एक घास जिवावर बेतू शकतो. म्हणून या जेवणापुरता दाण्याचा कूट पूर्ण वगळावा, आणि फोडणीलाही शेंगदाण्याचे तेल वापरू नये, असे मी सुचवेन. ग्लूटेन न चालणाऱ्या पाहुण्यांसाठी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे हिंग: बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे निव्वळ तांदूळ-डाळीचा पदार्थही ग्लूटेनमुक्त राहत नाही. तांदळाचे पीठ मिसळलेला हिंग मिळतो, तो वापरावा. प्रत्येक पदार्थापुढे नाव, मुख्य घटक आणि या नऊपैकी काय आहे ते ठळक अक्षरांत लिहिलेले कार्ड ठेवावे आणि ते लिहिण्याचे काम पदार्थ करणाऱ्यावरच सोपवावे.

सहावी पायरी : टर्की आणि अन्नाची सुरक्षितता

पूर्ण टर्कीचा हिशेब माणशी एक ते दीड पौंड असा धरतात, पण तो खाणाऱ्यांपुरताच करावा. साठ पाहुण्यांपैकी पंचवीस जण टर्की खाणार असतील तर चौदा-चौदा पौंडांच्या दोन टर्की पुरतात. एका अवाढव्य टर्कीपेक्षा हे सोपे असते, कारण त्या लवकर वितळतात, सारख्या शिजतात आणि दोन घरांच्या ओव्हनमध्ये वाटून घेता येतात. गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये वितळायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. शनिवारी भाजायची असेल तर चौदा पौंडांची टर्की सोमवारी रात्रीच फ्रीझरमधून फ्रिजमध्ये, खोलगट ताटात ठेवावी. ती ओट्यावर वितळवू नये. फारच उशीर झाला तर गळणार नाही अशा पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवावी, पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे, एका पौंडाला अर्धा तास धरावा आणि वितळल्यावर ताबडतोब शिजवावी.

कच्ची टर्की धुवू नये, कारण उडणाऱ्या पाण्याबरोबर जंतू सिंकभर आणि आजूबाजूच्या भांड्यांवर पसरतात. आत स्टफिंग न भरलेली बारा ते चौदा पौंडांची टर्की ३२५ अंश फॅरनहाइटला सुमारे तीन ते पावणेचार तासांत होते, मात्र घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा: छातीचा सर्वांत जाड भाग, मांडीचा आतला भाग आणि पंखाचा आतला भाग या तिन्ही ठिकाणी १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस, दिसले पाहिजे. भाजल्यावर वीस मिनिटे तशीच ठेवून मग कापावी. पाच वाजताच्या जेवणासाठी ती दुपारी साडेअकराला ओव्हनमध्ये गेली तर धावपळ होत नाही. तेलात अख्खी टर्की तळण्याचा मोह सामुदायिक कार्यक्रमात तरी टाळावा. घरगुती स्वयंपाकातून लागणाऱ्या आगींची संख्या अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या दिवशीच सर्वाधिक असते.

४० ते १४० अंश फॅरनहाइट हा टप्पा जंतूंच्या वाढीचा असतो. गरम अन्न १४० अंशांच्या वर आणि थंड अन्न ४० अंशांच्या खाली राहिले पाहिजे, आणि मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त काळ राहिलेले काहीही वाढू नये. आपल्याकडे भात सकाळी करून ओट्यावर झाकून ठेवण्याची सवय आहे. साठ माणसांच्या जेवणात ती धोक्याची ठरते, कारण भातात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मसालेभात शेवटी करावा आणि ट्रे थेट उष्णतारोधक पेटीतून आणावा. वाढप सुरू करताना सगळे ट्रे एकदम न मांडता अर्धे मांडून अर्धे गरम ठेवावेत.

वाढपासाठी ट्रे दोन्ही बाजूंनी जाता येईल असे ठेवावेत, ताटे सुरुवातीला आणि चमचे-रुमाल शेवटी असावेत. वृद्धांना आणि लहान मुलांच्या आयांना आधी बोलवावे. टेबलांवर कोण कुठे बसेल हे चिठ्ठ्यांनी ठरवले तर सगळे मराठी एका कोपऱ्यात आणि सगळे शेजारी दुसऱ्या कोपऱ्यात असे होत नाही. प्रत्येक टेबलावर बोलते करणारा एक यजमान नेमावा. जेवणाआधी प्रत्येकाने आभाराचे एक वाक्य बोलण्याची इथली रीत सुंदर आहे, पण ती सक्तीची करू नये आणि साठ जणांना माइकपुढे उभे करू नये. टेबलाटेबलावर होऊ द्यावी.

सातवी पायरी : मुलांना खरा इतिहास सांगणे

मराठी शाळेत किंवा या भोजनात मुलांचा छोटा कार्यक्रम ठेवला जातो. त्यात कागदी पिसांचे मुकुट घालून आदिवासींची सोंगे आणण्याचा प्रकार कृपया करू नये. १६२१ साली प्लिमथ येथे इंग्रज वसाहतकऱ्यांनी पीक हाती आल्यावर केलेल्या मेजवानीला वाम्पनोआग राष्ट्राचे प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसांसह आले होते, त्यांनी पाच हरणे आणली आणि तो सोहळा तीन दिवस चालला, असे त्या काळच्या एका पत्रात लिहिलेले आहे. मका कसा पेरावा हे वसाहतकऱ्यांना स्थानिक माणसांनीच शिकवले होते. त्याच्या काही वर्षे आधी युरोपीय लोकांबरोबर आलेल्या साथींनी त्या किनाऱ्यावरची गावेच्या गावे रिकामी केली होती, आणि पुढच्या काळात वाम्पनोआग लोकांची जमीनही गेली. १९७० पासून प्लिमथच्या कोल्स हिल या टेकडीवर थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी आदिवासी समाजाचे लोक राष्ट्रीय शोकदिन पाळतात. दहा वर्षांच्या मुलाला हे दोन्ही समजू शकते. नोव्हेंबर हा महिना आदिवासी वारशाचा म्हणून पाळला जातो आणि थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवारही त्याच वारशाला वाहिलेला आहे. आपण राहतो ती भूमी कोणत्या राष्ट्राची होती हे मुलांनी शोधून काढावे, त्या राष्ट्राचे नाव नीट उच्चारायला शिकावे आणि जवळ त्यांचे संग्रहालय असेल तर शुक्रवारी दुकानांऐवजी तिथे जावे.

आठवी पायरी : आवरणे आणि पुढची नोंद

वाढप सुरू झाल्यापासून दोन तासांच्या आत उरलेले अन्न उथळ डब्यांत भरून थंड करावे. विद्यार्थ्यांसाठी रिकामे डबे आधीच आणून ठेवावेत आणि त्यांवर तारीख लिहावी. फ्रिजमध्ये हे अन्न तीन ते चार दिवस टिकते आणि पुन्हा गरम करताना १६५ अंशांपर्यंत न्यावे लागते. दूर राहणाऱ्यांना घरी सोडण्यासाठी गाड्या कोणाच्या, हे जेवणाआधीच ठरलेले असावे.

आठवड्याच्या आत खर्चाचा हिशेब सर्व यजमान कुटुंबांना पाठवावा, सभागृहाच्या व्यवस्थापकाला आणि विद्यार्थी कार्यालयाला हाताने लिहिलेले आभारपत्र द्यावे, आणि काय उरले, काय कमी पडले, कोणते कार्ड चुकले याची नोंद एका वहीत करावी. निधी उरला तर तो गिव्हिंग ट्यूसडेच्या मंगळवारी, म्हणजे २०२६ मध्ये १ डिसेंबरला, गावातल्या पँट्रीला पाठवावा. पैसे पाठवताना त्याच संकेतस्थळावर जानेवारीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यातली एक पाळी आपल्या गटाच्या नावाने नोंदवावी आणि तिची तारीख सगळ्यांच्या दिनदर्शिकेत त्याच वेळी घालून टाकावी.